मानवी चूक म्हणे!

तर मंडळी, या शनिवारी येडशीला आलोय. पुण्याहून रात्री लातूरची ट्रॅव्हल्स पकडली की पहाटे फाट्यावर उतरता येतं. घरी पोचलो, अंघोळ केली, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडणार तोच नाना समोर येऊन बसले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. आयुष्यभर रेल्वेत ट्रेन्स क्लार्क होते, आता पंच्याहत्तरी ओलांडलीये.

"तुमच्या कंपनीत रात्री दोन-दोनला फोन कशाला करायलेत रे?" नानांनी विचारलं. मागच्या खेपेला मी आलो होतो तेव्हा रात्रीच फोन वाजला होता, ते त्यांच्या लक्षात होतं.

म्हटलं, "नाना, कुणीतरी एक नंबर चुकीचा उतरवून घेतला होता."

नाना हसले. म्हणाले, "उतरवून घेणाऱ्यानं चुकीचा घेतला, का सांगणाऱ्यानं चुकीचा सांगितला?"

या प्रश्नावर मी गप्प बसलो. कारण याच प्रश्नाचं उत्तर २०१८ सालापासून माझ्याकडे आहे आणि मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. आज सांगतो. आधी थोडी तांत्रिक बडबड करावी लागेल, पण स्टोरेजवाले नसाल तरी समजेल. वाचा.

मोठ्या कंपन्यांत सर्व्हर एकीकडे आणि डिस्कचं कपाट दुसरीकडे असतं. दोघांच्या मधे फायबर चॅनेलचं जाळं. सर्व्हरमधल्या ज्या कार्डातून ही केबल बाहेर पडते त्याला एचबीए म्हणतात, होस्ट बस अ‍ॅडॅप्टर. त्याच्या प्रत्येक पोर्टला कारखान्यातच एक पत्ता मिळतो, वर्ल्ड वाइड पोर्ट नेम. हा पत्ता ६४ बिटांचा. माणसासाठी तो सोळा हेक्साडेसिमल अंकांत लिहितात, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ, आणि दर दोन अंकांनंतर विसर्गचिन्ह. असा:

२१:००:००:२४:एफएफ:४सी:२ए:१०

(हा पत्ता मी उदाहरणासाठी घेतलाय. कुणाच्या खऱ्या कार्डाचा निघाला तर निव्वळ योगायोग समजावा.)

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे भयंकर वाटतं. पण आठवडाभर या कामात घालवा, डोळा बसतो. पहिला अंक पत्ता कुठल्या पद्धतीने बांधलाय ते सांगतो. मधे २४ बिट बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ००:२४:एफएफ दिसलं की क्यूलॉजिकचं कार्ड. १०:०० ने सुरू होऊन पुढे ००:००:सी९ आलं की एम्युलेक्स. ५०:०६:०१:६ अशी सुरुवात असेल तर ते सर्व्हरचं कार्डच नव्हे, ईएमसीच्या डिस्क-कपाटाचं पोर्ट आहे. उरलेले शेवटचे अंक त्या एका कार्डाचे. म्हणजे हा पत्ता वाचता येतो! नुसता जुळवायचा नसतो, वाचायचा असतो.

स्विचवर 'झोनिंग' करतात तेव्हा हेच पत्ते वापरतात. अमुक सर्व्हरचं पोर्ट अमुक कपाटाच्या पोर्टशी बोलू शकतं, बाकी कुणाशी नाही. पत्ता चुकला की सर्व्हरला त्याची डिस्कच दिसत नाही.

आता व्हर्च्युअलायझेशन. एका व्हीएमवेअर होस्टवर वीस-तीस व्हर्च्युअल मशीन असतात आणि असे होस्ट डझनावारी. प्रत्येकाच्या स्क्रीनवर जाऊन पत्ते कोण उतरवणार? मग आपण स्क्रिप्ट लिहितो. पॉवरसीएलआय नावाचं साधन आहे, त्यात 'गेट-व्हीएमहोस्टएचबीए' म्हटलं की सगळ्या होस्टची सगळी कार्डं समोर. एका ओळीचं काम. फक्त एक गोम आहे. पोर्टचा पत्ता तिथे ६४ बिटांची पूर्णांक संख्या म्हणून साठवलेला असतो, आणि संख्या छापायला सांगितली की ती साध्या दशमान आकड्यांत छापली जाते. वरचाच पत्ता मग असा दिसतो:

२३७७९००७६२१५३६२६१२८

एकोणीस आकडे. यात क्यूलॉजिक शोधून दाखवा. पोर्ट शोधून दाखवा. काहीच नाही! माहिती तीच आहे हो, एक बिटसुद्धा हरवलेला नाही. पण वाचणाऱ्यासाठी सगळं हरवलंय. यात साधनाचा दोष नाही बरं का. संख्या मागितली, त्याने संख्या दिली. ती माणसाला द्यायच्या आधी माणसाच्या रूपात आणणं हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं काम.

स्क्रिप्ट लिहिणारा होतो मी.

तर झालं असं. एका कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. सोळा होस्ट, प्रत्येकात दोन पोर्टचं एक कार्ड, एकूण बत्तीस पत्ते. जुने स्विच काढून नवे बसवायचे होते. जुन्या झोनिंगमधे वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला, म्हणून ठरलं की नवी यादी होस्टवरूनच काढायची. मी दहा मिनिटांत स्क्रिप्ट लिहिली, चालवली, फाइल तयार केली आणि रात्रपाळीच्या पोराकडे पाठवून दिली. मनात म्हटलं, हेक्समधे बदलणं काय, तो करून घेईल. ते तर 'कॉस्मेटिक' काम!

पोरगा कळंबकडचा. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. हुशार, मेहनती, कंत्राटावर होता. ऑफिसात मला 'सर' म्हणायचा आणि चहाच्या टपरीवर 'दादा'.

त्याने फाइल स्प्रेडशीटमधे उघडली. तुम्हीही तेच केलं असतं, मीही. आता इथे एक गोष्ट सांगतो, जी आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी. एक्सेलसारखं स्प्रेडशीट संख्येचे फक्त पहिले पंधरा आकडे सांभाळतं. त्यापुढचे शून्य होतात. तशी त्याची रचनाच आहे, सगळीकडे नोंदलेली आहे. म्हणजे आपली संख्या झाली:

२३७७९००७६२१५३६२००००

शेवटचे ६१२८ गेले. आणि त्या कार्डाचं दुसरं पोर्ट? त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा फक्त एकाने मोठा, म्हणजे शेवटी ६१२९. तेही गेले. दोन्ही पोर्टांचा आकडा हुबेहूब एक झाला. प्रत्येक होस्टच्या बाबतीत तेच. बत्तीस ओळी, पण वेगळे आकडे सोळाच.

पोराला शंका आली. हे महत्त्वाचं आहे म्हणून पुन्हा लिहितो. त्याला शंका आली. त्याने मला विचारलं, "सर, प्रत्येक होस्टला दोनदा सेम नंबर येतोय, एकच ठेवू का?" मी दुसऱ्या कुठल्यातरी मीटिंगमधे होतो. उत्तर दिलं, "शीटमधे जे आहे तेच घे." आकडा बघितलाही नाही. आणि बघितला असता तरी एकोणीस आकड्यांच्या त्या मालगाडीत मला काय कळणार होतं, कपाळ?

त्याने सोळा आकडे ठेवले, एकेक करून हेक्समधे बदलले. आता गंमत बघा. तो कापलेला आकडा हेक्समधे बदलला तर मिळतं:

२१:००:००:२४:एफएफ:४सी:१२:२०

कसा छान दिसतोय! सोळा अंक, विसर्गचिन्हं जागच्या जागी, कंपनीचे बिटसुद्धा बरोबर. पण हे कार्ड आपल्याकडे नाहीच. चुकलेला पत्ता तुटका-फुटका दिसला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. हा तर अगदी सभ्य कपडे घालून आला होता.

रात्री दीडला केबली नव्या स्विचवर गेल्या. एकाही होस्टला डिस्क दिसेना. आधी केबलींवर संशय, मग स्विचवर, मग कार्डांवर. चारच्या सुमारास कुणीतरी नव्या स्विचवर प्रत्यक्ष येऊन थांबलेल्या पत्त्यांची यादी काढली आणि झोनिंगच्या यादीशेजारी ठेवली. एका यादीत ४सी:२ए:१०, दुसरीत ४सी:१२:२०. दोन्ही याद्या वाचता येण्याजोग्या रूपात शेजारी-शेजारी आल्यावर चूक सापडायला एक मिनिट लागलं. त्याआधी अडीच तास! सगळं पुन्हा उभं राहायला सकाळचे साडेसात झाले. तोवर कारखान्याच्या गेटवर ट्रकांची रांग लागलेली, कारण गेटपास छापणारं मशीनही त्यातल्याच एका होस्टवर.

मग अहवाल. कारण काय? दोन शब्द. 'मानवी चूक'. त्याखाली एक ओळ: यादी तयार करताना माहितीची हाताळणी नीट झाली नाही. माणसाचं नाव अहवालात नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं कुणाचं ते. माझी स्क्रिप्ट अहवालात कुठेच नव्हती. कारण माझ्या स्क्रिप्टने दिलेला प्रत्येक आकडा गणिताने बरोबर होता ना! मी तो अहवाल वाचला. 'ठीक आहे' म्हणून पुढे पाठवला. तीन महिन्यांनी त्या पोराचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. त्याला दुसरीही कारणं असतील. पण फाइलमधे तो अहवाल होता.

आता सांगा, चूक कुणाची?

मला आपल्या धंद्यातल्या या 'मानवी चूक' शब्दाची मनापासून चीड आली आहे. हा शब्द नेहमी शेवटच्या माणसाला चिकटतो. ज्याने वाचलं त्याला. ज्याने न वाचता येण्यासारखं लिहिलं तो 'सिस्टीम' असतो, आणि सिस्टीम कधी चुकत नाही. अरे, स्क्रिप्ट काय आभाळातून पडली? ती लिहिणाराही माणूसच होता. मग माझी चूक मानवी का नाही?

हे बोललो की चार ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक घेतो.

पहिलं: "मशीनचे आकडे मशीनसाठी असतात." बरोबर, मशीन ते मशीन जाणार असतील तर खुशाल दशमान ठेवा, नाहीतर रोमन आकडे ठेवा. पण मधे एक जरी माणूस असेल, एक मेल, एक शीट, एक फोन, तर ते आकडे माणसासाठी आहेत. आणि आपल्याकडे मधे माणूस असतोच. सर्व्हरची टीम वेगळी, स्टोरेजची वेगळी, स्विचची वेगळी, बऱ्याचदा कंपन्याही वेगळ्या. हा पत्ता रोज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत जातो.

दुसरं: "ते कॉस्मेटिक आहे, नंतर करू." संख्येला हेक्समधे बदलणं, डावीकडे शून्यं भरून सोळा अंक पुरे करणं, दर दोन अंकांनंतर विसर्गचिन्ह टाकणं. दोन ओळी लागतात. स्क्रिप्टला आधीच दहा मिनिटं दिली होती, अकरावं मिनिट द्यायला काय झालं होतं? आणि विसर्गचिन्ह म्हणजे नुसती शोभा नव्हे बरं! ते असलं की स्प्रेडशीट त्याला संख्या समजतच नाही, मजकूर समजतं आणि हात लावत नाही. नुसतं हेक्स, विसर्गचिन्हांशिवाय, तेही धोक्याचंच. सोळा अंकांत एकच अक्षर असेल आणि ते नेमकं 'ई' असेल, तर स्प्रेडशीट त्याला घातांक समजून भलतीच प्रचंड संख्या करून ठेवू शकतं. हसू नका. जनुकशास्त्रज्ञांचंही असंच झालं. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी जनुकांची चिन्हं एक्सेल तारखा समजून बदलायचं. शेवटी २०२० साली जनुकांच्या नामकरण समितीने हार मानली आणि चिन्हंच बदलून घेतली.

तिसरं: "अनुभवी माणसाला कळायला हवं." हे सगळ्यात वाईट. अनुभवी माणूस रात्री दोनला झोपलेला असतो. जागा असतो तो नवखा. ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्या हातात सगळ्यात अवघड रूपातली गोष्ट द्यायची, आणि वर म्हणायचं की कळायला हवं होतं!

चौथं उत्तर जरा विचार करण्यासारखं आहे: "पत्ते कशाला वाचता, नावं द्या ना. झोनिंगमधे अलायस असतात." खरंय. नावं जरूर द्या. पण नाव म्हणजे ओळख नव्हे. आमच्या जिल्ह्याचंच बघा. मी शाळेत असताना उस्मानाबाद लिहायचो, २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झालं. शहराचा पिनकोड मात्र ४१३५०१ होता, तोच आहे. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. सहाच आकडे, पण पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. नाव बदलतं तेव्हा खाली वाचता येणारा आकडा पक्का असावा लागतो. होस्टचंही तसंच. कार्ड बदललं तरी जुनंच अलायस तसंच राहिलेलं मी कितीदा पाहिलंय. नाव वर असू द्या, पण खालचा पत्ता वाचता आला पाहिजे.

हे सगळं मी नानांना सांगितलं, अर्थात हेक्साडेसिमल वगळून. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चल, स्टेशनवर चक्कर मारून येऊ."

आमचं स्टेशन लहानसं. पूर्वी येडशीवरून बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी जायची, आता ब्रॉडगेज आहे. नशिबाने एक मालगाडी येत होती. नानांनी एका वाघिणीकडे बोट केलं. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात अकरा आकडे.

"पहिले दोन, वाघीण कुठल्या जातीची. पुढचे दोन, कुठल्या रेल्वेची. त्यापुढचे दोन, कुठल्या साली बनली. मग चार तिचा स्वतःचा नंबर."

"आणि अकरावा?"

"तो पहारेकरी. आधीच्या दहा आकड्यांची बेरीज-गुणाकार करून येतो. उतरवताना एक आकडा चुकला की शेवटचा जुळत नाही. मग परत कंदील घेऊन जा, परत बघ."

नाना सोलापूरच्या यार्डात रात्री-बेरात्री, पावसात, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन हे नंबर उतरवत असत. ही पद्धत ज्याने बसवली त्याने गृहीत धरलं होतं की वाचणारा थकलेला असेल, उजेड कमी असेल, हात ओले असतील, चूक होणारच. म्हणून आकड्यांना अर्थ दिला आणि शेवटी पहारेकरी बसवला. आपल्या एचबीएच्या पत्त्यात तपासणीचा असा आकडा नाही. एक अंक बदलला तरी तो दुसरा एक चांगला पत्ताच दिसतो. मग पहारेकऱ्याचं काम कुणी करायचं? वाचणाऱ्या डोळ्याने. आणि आपण त्या डोळ्यावर पट्टी बांधतो.

तर सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं करा. आपली जुनी स्क्रिप्ट उघडा आणि ती काय छापते ते एखाद्या नवख्याच्या नजरेने बघा. पत्ता सोळा अंकी हेक्समधे, लहान अक्षरांत, विसर्गचिन्हांसह येतोय का? शेजारी होस्टचं नाव, कार्डाचं नाव आणि मॉडेल आहे का? पोर्टचा पत्ता आणि नोडचा पत्ता वेगळ्या रकान्यांत, नाव लिहून आहेत का? (दोन्ही सारखेच दिसतात आणि झोनिंगमधे हमखास अदलाबदल होते.) शेवटी स्क्रिप्टनेच मोजून सांगावं: होस्ट सोळा, पोर्ट बत्तीस, वेगळे पत्ते बत्तीस. आकडा जुळला नाही तर फाइल लिहूच नये. आणि पाठवायच्या आधी एक होस्ट निवडा, त्याच्या स्क्रीनवरचा पत्ता आणि फाइलमधला पत्ता बोट ठेवून जुळवून बघा. माझ्या वेळी यातली कुठलीही एक गोष्ट केलेली असती तरी ती रात्र टळली असती.

आणखी एक. अहवालात 'मानवी चूक' लिहायची वेळ आली तर पुढे लिहा, कुठल्या मानवाची. आपलं नाव येत असेल तर आपलं लिहा.

त्या पोराला मी काल संध्याकाळी फोन केला. आता तो हैदराबादला आहे, बरं चाललंय म्हणाला. मी सगळं सांगितलं, स्क्रिप्टचं, माझ्या उत्तराचं, अहवालाचं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला वाटायचं मीच काहीतरी दाबलं असेल." इतकी वर्षं तो हेच समजत होता!

मला पुढे काही बोलता आलं नाही. त्याला म्हटलं, गावी आलास की येडशीला ये. येतो म्हणालाय.